कुठली एअरलाइन टाळू? आधी कशाची भीती वाटतेय ते सांगा

ताई, नमस्कार. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि पंचाहत्तरीला आलेली आई असे चौघं पहिल्यांदाच एकत्र परदेशी निघालोय, मधे एकदा विमान बदलायचंय. तीन ऑप्शन आहेत. पहिला सगळ्यात स्वस्त, दोन लो-कॉस्ट कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं, मधल्या एअरपोर्टवर बॅगा स्वतः उचलून परत चेक-इन करायचं. दुसरा एका मोठ्या कंपनीचा, महाग आहे आणि नेटवर लोक तिच्या नावाने बोटं मोडतायत. तिसरा मधल्या भावाचा, पण त्या एअरलाइनचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारलं तर प्रत्येकाने एकेक कंपनी बाद केली, कुणाची बॅग हरवलेली, कुणाची फ्लाइट कॅन्सल झालेली, एका काकांशी तर कुणी उद्धट बोललं म्हणून ती पण बाद. मेहुणा म्हणतो सगळ्या सारख्याच, स्वस्त घे. आईला लांब चालवत नाही. टाळायच्या एअरलाइन्सची एक यादीच द्या ना.
— यादीच्या शोधात

नमस्कार यादीवाले,

यादी आहे, पण तुम्हाला हवीय तशी नाही. लोक 'ती एअरलाइन नको रे बाबा' म्हणतात तेव्हा प्रत्येकाच्या मनात वेगळंच काहीतरी असतं, कुणाला विमान पडायची भीती, कुणाला गेटवर पैसे उकळले त्याचा राग, कुणाचं तिकीटच बुडालेलं, आणि ग्रुपवर मात्र हे सगळं एकाच सुरात येतं. मग काकांचा अपमान आणि कुणाचे तरी बुडालेले पैसे एकाच पारड्यात जातात. आधी ते वेगळं करू, मग तुमच्या तीन ऑप्शनकडे येते.

विमान पडेल का, ही खरी भीती असेल तर त्यासाठी नातेवाईक नकोत, त्याची सरकारी यादी आहे. युरोपियन युनियन २००६ पासून एक यादी काढतंय, कुठल्या कंपन्यांना त्यांच्या आकाशात यायला बंदी आहे त्याची. ती फुकट बघता येते आणि वेळोवेळी बदलते. नेपाळच्या कंपन्या त्यात २०१३ साली एकजात गेल्या. रशियाच्या एकवीस कंपन्या एप्रिल २०२२ मधे गेल्या, कारण त्या परदेशी मालकीची विमानं वैध सर्टिफिकेट नसताना उडवत होत्या. पाकिस्तानच्या सरकारी कंपनीला २०२० मधे पायलटांच्या लायसन्सचा घोळ बाहेर आल्यावर थांबवलं होतं, ती बंदी २०२४ च्या शेवटी उठली. इथे सर्व्हिस कशी, जेवण कसं, हे कुणी विचारत नाही. विमानाची देखभाल, पायलटचं ट्रेनिंग, त्या देशातली देखरेख, एवढंच बघतात.

आणि बदलते म्हणाले त्याला कारण आहे. इंडोनेशियाची गरुडा २००७ मधे या यादीत होती, २००९ मधे बाहेर आली आणि २०१४ मधे तिला स्कायट्रॅक्सचे, म्हणजे एअरलाइन्सना सर्व्हिसवरून स्टार देणाऱ्या संस्थेचे, पाच स्टार मिळाले. कोरियन एअरचं त्याहून बोलकं आहे. नव्वदच्या दशकात इतके अपघात झाले, १९९७ च्या ग्वामच्या अपघातात तर २२८ लोक गेले, की १९९९ मधे डेल्टा आणि एअर फ्रान्सने तिच्याशी कोडशेअर, म्हणजे एकमेकांच्या फ्लाइट आपल्या नावाने विकणं, थांबवलं होतं. नंतर त्यांनी बाहेरून माणूस आणून ट्रेनिंग आणि कॉकपिटमधली शिस्त पार बदलली, आज लोक तिचं तिकीट आवडीने काढतात. तेव्हा कुणी एखाद्या कंपनीबद्दल ठामपणे नाही म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, हे कुठल्या सालचं सांगताय? वीस वर्षांपूर्वीचं असेल तर ऐका, चहा प्या आणि सोडून द्या.

काही वेळा तर कंपनीचा दोषही नसतो आणि नाव जातं. मलेशिया एअरलाइन्सचं २०१४ आठवा, मार्चमधे एक विमान गायब झालं आणि जुलैमधे दुसरं युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. त्या दुसऱ्यात एअरलाइनने काय करायचं होतं? त्याच मार्गाने इतर कंपन्यांची विमानंही जात होती. पण लोकांनी त्या रंगाच्या शेपटीचं विमानच नको म्हटलं. भीती अशीच चालते, त्याला काय करणार.

आता गंमत बघा. ज्या कंपनीला युरोपात लोक सगळ्यात जास्त शिव्या देत असतील ती म्हणजे रायनएअर ही लो-कॉस्ट कंपनी, आणि तिचा सुरक्षेचा रेकॉर्ड असा की ऐंशीच्या दशकात सुरू झाल्यापासून अपघातात तिचा एकही प्रवासी दगावलेला नाही. म्हणजे नकोशी वेगळी आणि धोक्याची वेगळी. नेटवरचे रिव्ह्यू नव्वद टक्के नकोशीबद्दल असतात (हा नव्वदचा आकडा माझ्या मनाचा, वाचून वाचून झालेला) आणि आपण ते वाचून घाबरतो मात्र धोक्याला.

नकोशी का, तर आधी पैसे. तिकीट स्वस्त दिसतं आणि मग एकेक करत चढत जातं. बॅगेचे वेगळे, सीटचे वेगळे, ऑनलाइन चेक-इन करायचं राहिलं आणि काउंटरवर गेलात की रायनएअर माणशी ५५ युरो लावते, चौघांचे किती झाले ते तुम्हीच बघा. शिवाय पायाखालच्या फुकट बॅगेचं माप, ४० बाय ३० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे मुलीचं शाळेचं दप्तर समजा. यात लपवलेलं काहीच नसतं हो, सगळं साइटवर लिहिलेलं असतं, फक्त कुणी वाचत नाही. एकदा गेटजवळ बसले होते तर माझ्यापुढे एका आजोबांना बॅग त्या लोखंडी चौकटीत घालायला सांगितली, चाकं काही आत जाईनात. आजोबांनी शांतपणे बॅग उघडली, एकावर एक तीन स्वेटर चढवले, खिशात मोजे कोंबले, चप्पल सुनेच्या पर्समधे, आणि बॅग पुन्हा चौकटीत उभी केली तर या वेळी गेली. काउंटरवरची मुलगी हसू दाबत होती पण तिने बोर्डिंग पास स्कॅन केला. आख्खी रांग टाळ्या वाजवत होती. आजोबा विमानात घामाने निथळत बसले असतील, पण पैसे वाचवले. आता हे तुमच्या आईला जमणार आहे का, तर नाही. म्हणून लो-कॉस्टचा भाव कधी तसाच धरू नका, चौघांच्या बॅगा, चौघांच्या सीट सगळं टाकून शेवटच्या पानावर जो आकडा येतो तो घ्या आणि मोठ्या कंपनीच्या आकड्याशेजारी ठेवा. बऱ्याचदा फरक इतका उरतो की मेहुण्याचा आवाज आपोआप खाली येतो.

सीट म्हणजे आठ वर्षांची मुलगी आहे ना तुमची, ती पैसे न भरता तुमच्या शेजारी येईल हे गृहीत धरू नका. कंपनीप्रमाणे नियम वेगळे आहेत. काहीजण लहान मुलाबरोबर एका मोठ्याला सीट विकत घ्यायला लावतात आणि मुलाची फुकट देतात, काही नुसतंच 'प्रयत्न करू' म्हणतात. पाय ठेवायची जागा पण बघा, अगदी स्वस्तवाल्यांकडे दोन सीटमधलं अंतर २८ इंच असतं, मोठ्यांकडे साधारण ३१-३२. दोन तासांना चालून जातं. आईंचे गुडघे आठ तास दुमडलेले असतील तेव्हा तीन इंच म्हणजे काय ते कळतं.

विमानतळ कुठला तेही. शहराचं नाव असतं पण एअरपोर्ट दुसऱ्याच गावात. फ्रँकफर्ट-हान नाव वाचून कुणी फ्रँकफर्टला उतरतोय असं समजेल, तो शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. पॅरिसचा म्हणून विकला जाणारा बोव्हे पण ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर लांब. बसचे पैसे आणि वेळ धरा.

पण खरं सांगू, मला यातलं काहीच फार मोठं वाटत नाही. पैसे जातात, गुडघे दुखतात, माणूस विसरतो. मी एअरलाइन टाळते ती एकाच गोष्टीवरून, गडबड झाल्यावर ती कशी वागते. सगळं सुरळीत असताना सगळ्याच बऱ्या असतात, तिथे मेहुण्याचं म्हणणं बरोबर आहे. विमान रद्द झालं की मग कोण कसा आहे ते कळतं.

साउथवेस्टचं बघा. अमेरिकेतली लाडकी कंपनी, तेव्हा बॅगा फुकट, स्टाफ हसतमुख, लोक तिचे फॅन होते. डिसेंबर २०२२ मधे हिमवादळ आलं, सगळ्याच कंपन्यांची विमानं रद्द झाली, बाकीच्या दोन-तीन दिवसांत उभ्या राहिल्या आणि हिची सोळा हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली. क्रूच्या ड्युट्या लावणारं सॉफ्टवेअर जुनं, कुठला पायलट कुठल्या गावात अडकलाय हेच कंपनीला कळेना, पायलट फोन धरून तासन् तास होल्डवर आणि प्रवासी नाताळात एअरपोर्टवर. वीस लाख लोक अडकले. वर्षभराने सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड लावला. चांगल्या रिव्ह्यूवाली कंपनी होती ही! रिव्ह्यूत हे सॉफ्टवेअर कुणाला दिसणार होतं?

क्वांटसचं त्याहून चीड आणणारं. ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात मोठं नाव, सुरक्षेत वर्षानुवर्षं अव्वल, आणि २०२२ मधे ती रद्द करायचं ठरवून झालेल्या फ्लाइट्सची तिकिटं विकत राहिली, आठ हजारांहून जास्त फ्लाइट्स. सरकारी यंत्रणेने कोर्टात खेचलं, २०२४ मधे दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड आणि प्रवाशांना दोन कोटी असं मिटलं. युनायटेडचा तो २०१७ चा व्हिडिओ तर जगाने बघितला, स्वतःच्या क्रूला जागा हवी म्हणून तिकीट काढून सीटवर बसलेल्या माणसाला सिक्युरिटीने फरफटत बाहेर काढलं. त्यानंतर त्यांनी आपणहून सीट सोडणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत देऊ असं जाहीर केलं. आधी दिलं असतं तर?

तेव्हा रिव्ह्यू वाचाल तर असे वाचा. जेवण गार होतं, हवाई सुंदरी हसली नाही, स्क्रीन चालत नव्हती, हे सरळ सोडून द्या, काकांचा उद्धट माणूस पण यातच. फ्लाइट रद्द झाल्यावर किती दिवसांत दुसरी दिली, रिफंड मागितल्यावर पैसे दिले की व्हाउचर गळ्यात मारलं, फोन कुणी उचलला का, एवढंच शोधायचं. आणि ते सुद्धा गेल्या वर्ष-दीड वर्षातलं. युकेच्या विमान खात्याने २०२३ मधे विझ एअर या लो-कॉस्ट कंपनीवर कारवाई केली ती याचसाठी, रद्द-लेट फ्लाइट्सचे लोकांचे हक्काचे पैसे वेळेत देत नव्हते म्हणून. अशी कारवाई शंभर रागावलेल्या कॉमेंट्सपेक्षा जास्त सांगते. मोठ्या कंपनीच्या तक्रारी जास्त दिसणारच, माणसंच कितीतरी पट नेते ती.

अजून एक, हे कुणीच बघत नाही. ती कंपनी त्या मार्गावर किती वेळा उडते? दिवसातून चारदा उडत असेल तर सकाळची रद्द झाली तरी संध्याकाळपर्यंत काहीतरी जमतं. आठवड्यातून तीनदाच असेल तर रद्द म्हणजे दोन-तीन दिवस लटकंती, आणि कंपनी छोटी, कुठल्या अलायन्समधे, म्हणजे एअरलाइन्सच्या गटात नाही, दुसऱ्या कुणाशी करार नाही, तर ती तुम्हाला दुसऱ्याच्या विमानात बसवणार कशी? स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम यांचा सामान्य माणसाला खरा उपयोग हाच आहे, पॉइंट वगैरे राहू द्या. लो-कॉस्टवाल्यांचं एकच विमान दिवसभर ये-जा करत असतं, उतरलं की अर्ध्या तासात परत निघालं, त्यामुळे सकाळी चुकलेला तास रात्रीपर्यंत वाढत जातो. लो-कॉस्ट घ्यायचीच झाली तर दिवसाची पहिली फ्लाइट घ्या, झोपमोड होईल पण विमान रात्रीपासून तिथेच उभं असतं बहुतेक.

आणि कंपनीच बंद पडली तर? होतं हो असं. मोनार्क २०१७, वॉव आणि जेट एअरवेज आणि थॉमस कुक तिन्ही २०१९, गो फर्स्ट २०२३, प्ले २०२५. अमेरिकेतली स्पिरिट २०२४ मधे दिवाळखोरीत गेली आणि वर्षाच्या आत परत गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत तिकिटं विकतात आणि सकाळी साइटवर एक पान चिकटवलेलं असतं. वॉवने तर अडकलेल्या प्रवाशांना सांगितलं की दुसऱ्या एअरलाइन्स बघा, सवलतीत नेतील कदाचित. म्हणून तिकीट क्रेडिट कार्डाने काढा, बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कापलेले पैसे परत, मागता येतो, आणि पगार थकलेत, विमानं भाड्याच्या मालकांनी परत नेली अशा बातम्या दिसल्या तर सहा महिन्यांनंतरचं तिकीट कितीही स्वस्त असलं तरी नको.

आता तुमचं.

पहिला ऑप्शन सोडा. तो कंपन्या वाईट आहेत म्हणून नाही, दोन वेगळी तिकिटं आहेत म्हणून. पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी हात वर करणार, तिच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, आणि पहिली म्हणणार आम्ही तुम्हाला ठरलेल्या ठिकाणी सोडलं की. चौघांची तिकिटं ऐनवेळच्या भावाने परत काढायची. शिवाय बॅगा घ्यायच्या म्हणजे बऱ्याच ठिकाणी इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे मधल्या देशाचा व्हिसा लागू शकतो, हे कित्येकांना पहिल्या एअरपोर्टच्या काउंटरवरच कळतं आणि तिथूनच परत फिरावं लागतं. एकटे तरुण असता तर मी म्हटलं असतं जा बिनधास्त, मधे सहा-सात तास ठेवा आणि जा. आईंना घेऊन नको.

तिसरा, नाव न ऐकलेली. नाव ऐकलं नाही हा काही दोष नाही. युरोपच्या बंदीच्या यादीत नाही ना ते बघा, मग आयाटा या एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेच्या साइटवर आयोसा हे सुरक्षेचं ऑडिट पास झालेल्या कंपन्यांची नोंद असते तिथे शोधा. नंतर आठवड्यातून किती फ्लाइट आणि भागीदार कोण. या तिन्हीत बसली तर खुशाल घ्या, एखादीत फसली तर पुढे बघा. आणि तिकिटावर बारीक अक्षरात 'ऑपरेटेड बाय' असं लिहिलेलं असतं ते वाचा, विकणारी एक आणि उडवणारी दुसरीच असते बऱ्याचदा, तपासायची ती उडवणारी.

माझं मत दुसऱ्याला, ती बोटं मोडली जाणारी मोठी कंपनी. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास, त्यामुळे पहिलं लेट झालं तर पुढचं देणं त्यांच्या गळ्यात. फक्त कनेक्शन सगळ्यात कमी वेळाचं घेऊ नका, साइट पन्नास मिनिटांचं पण विकते, तुम्ही तीन तासांचं घ्या. आणि कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून काढा, मधल्या एजंट साइटवर दोन पैसे वाचतात पण रिफंडच्या वेळी कंपनी एजंटकडे बोट दाखवते आणि एजंट कंपनीकडे. परतीचं विमान युरोपातून निघणार असेल तर कंपनी कुठलीही असो, तीन तासांहून जास्त लेट झालं आणि चूक त्यांची असेल तर अंतराप्रमाणे माणशी २५० ते ६०० युरो मागता येतात. वादळ वगैरे असेल तर नाही, पण जेवण आणि हॉटेल तेव्हाही द्यावंच लागतं. आपणहून कुणी देत नाही, मागावं लागतं.

बॅग आली नाही तर एअरपोर्ट सोडायच्या आधी तिथल्या बॅगेज डेस्कवर लेखी तक्रार करून नंबर घ्या, घरी जाऊन फोन करतो म्हणालात की गेलं. मोडली असेल तर सात दिवसांत लेखी कळवायचं, उशिरा मिळाली असेल तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत, आंतरराष्ट्रीय करारच आहे तसा. आईंची औषधं चेक-इन बॅगेत अजिबात नको.

आणि व्हीलचेअर. तिकीट काढतानाच त्यात टाका, नाहीतर निघायच्या निदान ४८ तास आधी कंपनीला कळवा, याचे पैसे पडत नाहीत. मधल्या एअरपोर्टसाठी पण टाकलीय का ते फोन करून विचारा, लोक सुरुवातीची सांगतात आणि विमान बदलताना दोन टर्मिनलमधलं अंतर आई चालत बसतात. 'चालता येतं पण लांबवर नाही, जिना नको' असं स्पष्ट सांगायचं, त्याचा वेगळा कोड असतो त्यांच्याकडे, तो पडला की विमानाच्या दारापर्यंत माणूस येतो. आई म्हणतील मला कशाला, मी काय म्हातारी झाले का. त्यांना सांगा, व्हीलचेअरवाल्यांना सिक्युरिटीची रांग बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि बरोबरच्या घरच्यांनाही त्याच रांगेतून सोडतात बऱ्याचदा. मग मेहुणाच म्हणेल मी पण येतो.

— ताई